डोंगरावर न चालणारं सीम

माझ्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं, तेव्हा मी चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होते. टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगायला लागला होता. पुढच्या ओळीतल्या एका मुलीने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. मी विचारलं तर कुणी सांगेना. शेवटी शेजारच्या वर्गातून माझी मैत्रीण आली. मुलांची भिली बोली तिला माझ्यापेक्षा बरी समजायची. ती ऐकून म्हणाली, बाईंच्या फोनला दिवस गेलेत असं त्या म्हणताहेत. मग आम्ही दोघीही हसलो. होळी नुकतीच होऊन गेली होती आणि अर्धा वर्ग अजून नाचाच्या थकव्यातच होता.

तिला इथे मैत्रीणच म्हणते. तेव्हा ती तीच होती, आणि आता दुसरा शब्द शोधत बसायची माझी इच्छा नाही.

आमची शाळा सातपुड्यात, खापरहून वर चढत गेल्यावर लागणाऱ्या एका पाड्यावर. जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची आणि दोनच शिक्षिकांची. ती आणि मी. दोघीही सपाटीवरच्या. माझं घर लोणखेड्याला, तिथे आई एकटी. भाऊ सुरतेला स्थिरावलेला. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई माझ्याच वाट्याची, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं होतं आणि मलाही ते मान्य होतं. मैत्रिणीचं सासर पुरुषोत्तमनगरला, नवरा साखर कारखान्यात. आठवडाभर आम्ही खापरला एका खोलीत राहायचो, सकाळी जीपने वर जायचो, आणि शनिवारी शाळा सुटली की मिळेल त्या एसटीने आपापल्या घरी. मला मलेरिया झाला तेव्हा तिने माझं डोकं मांडीवर घेऊन जीपमधून मला अक्कलकुव्याला नेलं होतं. तिच्या लेकीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती घरी नव्हती, खापरच्या खोलीत होती. फोनवर लेकीला समजावून झाल्यावर माझ्याजवळ बसून रडली होती. असं सगळं होतं आमचं.

फोनशिवाय आमची नोकरी चालत नाही. हजेरी, पोषण आहारात काय शिजलं, किती मुलं जेवली, सगळं रोजच्या रोज फोनवरून भरायचं, फोटोसकट. आणि पाड्यावर रेंज मिळायची ती एकाच ठिकाणी, शाळेच्या मागे महूच्या झाडाखाली एक मोठा खडक आहे, त्यावर उभं राहिलं की. तीही एकाच कंपनीची. समोरच्या डोंगरावर तिचा टॉवर होता. बाकीच्या कंपन्यांची सीमं घाट चढला की मुकी व्हायची. पावसाळ्यात तारा तुटल्या की वीज कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे. म्हणून आमच्या दृष्टीने फोन म्हणजे आधी सीम, मग बॅटरी, आणि बाकी सगळं त्यानंतर.

तिच्याही फोनची काच कोपऱ्यातून तडकली होती. तीच म्हणाली, आपण दोघी एकदमच घेऊ, सारखाच घेऊ, म्हणजे एकीचा चार्जर विसरला तर दुसरीचा चालेल. मला ते फार आवडलं. मग रोज संध्याकाळी खोलीवर आमचा तोच उद्योग सुरू झाला. भाकरी टाकता टाकता ती तिच्या तडकलेल्या फोनवर नवीन फोनांचे व्हिडिओ लावायची. ते पुण्याकडचे पोरगेलेसे लोक मिनिटाला शंभर शब्द बोलायचे आणि आम्हाला हवं ते नेमकं सांगायचे नाहीत. ते खेळ किती वेगाने चालतात ते दाखवायचे. आम्हाला हवं होतं ते वेगळंच. खडकावर उन्हात उभं राहून अक्षरं दिसतात का, आणि शनिवारी भरलेली बॅटरी सोमवारी दुपारपर्यंत टिकते का.

माझा आणखी एक हट्ट होता, कीबोर्डचा. आम्ही दोघी एकमेकींना अहिराणीत लिहायचो. शाळेत मुलांशी मराठी, कार्यालयाशी मराठी, पण एकमेकींना लिहिताना तोंडात येईल तेच. आणि फोनला अहिराणी येत नाही. ‘शे’, म्हणजे ‘आहे’, लिहिलं की तो त्याचं ‘शेत’ करायचा. ‘मन्हा’चं, म्हणजे ‘माझा’चं, ‘म्हणा’ करायचा. सगळ्यांत छळायचा तो ‘ऱ्ह’. ‘काय करी ऱ्हायनी’ असं लिहायला गेलं की काही कीबोर्ड र वर रफार चढवून भलतंच काढायचे. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड तिला सोयीचा वाटायचा. मला एक एक अक्षर दाबून लिहायचाच बरा वाटायचा, हळू का होईना. बोटाने काचेवर गिरवायचाही एक होता, त्यावर माझं अक्षर त्याला कळायचंच नाही. मी शिक्षिका असून फोनने माझ्या अक्षराला नापास केलं म्हणून ती मला चिडवायची. पण एक गोष्ट आम्ही दोघींनी शोधली होती. तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहिला की कीबोर्ड शेवटी हार मानतो आणि शिकतो. मग तो आपणहून सुचवायला लागतो. तिचा फोन ‘ऱ्हायनी’ शिकला त्या दिवशी तिने मला खडकावरून हाक मारून दाखवलं होतं.

आता बदलीचं सांगितलं पाहिजे. अवघड क्षेत्रात ठरावीक वर्षं झाली की बदली मागता येते, ऑनलाइन, पसंतीच्या शाळा भरून. आम्हा दोघींची वर्षं झाली होती. आमच्या गावाशेजारच्या एका शाळेत एक गुरुजी निवृत्त होणार होते. ती जागा रिकामी होणार हे मला आईकडून कळलं होतं आणि मी ते फक्त तिला सांगितलं होतं. आईला मोतीबिंदू वाढत चालला होता. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तिला वासाने कळायचं. ती जागा मिळाली तर मी सायकलवर शाळेत जाऊन दुपारी घरी जेवायला येऊ शकले असते.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा तिने मला थांबवलं. म्हणाली, ही चौथी आपण पहिलीपासून आणलेली आहे, हिला बाहेर पडू दे. अजून एक वर्ष काढू, मग दोघी एकदम भरू. एकीने गेलं तर दुसरी एकटी पडेल, वर नवीन माणूस कधी येईल याचा भरवसा नाही. चौथी तर त्याच वर्षी बाहेर पडणार होती, तरी एक वर्ष आणखी कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही. ती माझ्यासोबत थांबतेय एवढ्यानेच मला भरून आलं होतं. मी अर्ज भरला नाही. आईला सांगितलं की एक वर्ष कळ काढ.

परीक्षा आटोपत आल्या तशा एका शनिवारी आम्ही शहाद्याला फोन घ्यायला गेलो. दुकान मेन रोडला, वातानुकूलित, आणि बाहेर चपला काढायची पाटी. दुकानदार ओळखीतला, अगत्याने बोलणारा. त्याने आमच्यासमोर फोन मांडले. मी आधीच ठरवलेला, जाडजूड, मोठ्या बॅटरीचा फोन उचलला. वजनदार होता. हातात धरल्यावर वाटलं, हा दोन दिवस टिकेल.

मैत्रिणीने तो बघितलाच नाही. तिने एक पातळ, गुलाबीसर फोन हातात घेतला आणि कॅमेरा लावून स्वतःला बघू लागली. मी म्हटलं, याची बॅटरी बघ, संध्याकाळीच मान टाकेल. ती म्हणाली, असू दे, चार्जिंग लवकर होतं. वर वीज कुठे असते, असं मी म्हणणार होते, तोवर तिने दुकानदाराला विचारलं की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येईल का. आणि ज्या कंपनीचं नाव घेतलं, तिचं सीम खापरच्या पुढे एक पट्टीही दाखवत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्या सीमवाल्या शिक्षकांची आम्ही दोघींनी मिळून थट्टा केली होती.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, घरी सगळ्यांचं तेच आहे, पुरुषोत्तमनगरला त्याची रेंज चांगली येते. मी विचारलं, आणि वर? ती म्हणाली, वर तुझं आहेच की. तेव्हाही मला राग आला नाही. मला वाटलं, कारखान्याच्या वसाहतीतल्या बायकांनी तिला काहीतरी भरवलं असेल, आणि सोमवारी खडकावर उभी राहिली की पस्तावेल.

मग ती पलीकडच्या काउंटरला नव्या सीमसाठी अंगठा द्यायला गेली. यंत्र तिचा अंगठा घेईना. पाट्यावर वाटण वाटून बोटांच्या रेषा गेल्यात असं दुकानदार म्हणत होता आणि ती पदराला अंगठा पुसून पुन्हा पुन्हा टेकवत होती. जाताना तिने तिचा जुना फोन माझ्या हातात दिला होता, माझ्या फोनवर ‘ऱ्ह’ कसा उमटतो ते बघ आणि तुझ्या नव्यावर तोच कीबोर्ड घालून घे, म्हणून.

मी कोरं पान उघडलं. ‘करी ऱ्हायनी’ लिहिलं, नीट उमटलं. मग म्हटलं, हिच्या फोनला आमची भाषा किती शिकवलीय बघू. ‘मन्ही’ लिहिलं. वरच्या पट्टीत लगेच शब्द आला, ‘बदली’. मी तो दाबला. पुढे आलं, ‘हुई’. तो दाबला तर ‘गई’. माझी बदली झाली. मी थांबले. वाटलं, कुणाचा तरी निरोप असेल, कुणाला तरी पाठवलेला. पण बोट थांबलं नाही. पुढचे शब्द आले, ‘कोनले’, मग ‘सांगू’, मग ‘नको’.

मन्ही बदली हुई गई, कोनले सांगू नको.

ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं आणि तरी माझ्याच बोटांनी उमटलं होतं. फोनला अहिराणी कंपनीने शिकवली नव्हती. कीबोर्ड एकदा लिहिलेलं शिकत नाही, हे आम्हीच शोधलं होतं. तोच शब्द तसाच पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. म्हणजे हे तिने पुष्कळांना लिहिलं होतं. नवऱ्याला, बहिणीला, ओळखीच्या शिक्षिकांना. मला सोडून सगळ्यांना. आणि प्रत्येकाला बजावलेलं ‘कोनले सांगू नको’ मधला तो ‘कोन’ मी होते.

मी ते वाक्य पुसलं. तिचा फोन काउंटरवर ठेवला. माझा जाड फोन बांधून घेतला, दुकानदाराने काचेवर पातळ कागद चिकटवला, त्यात एक बुडबुडा राहिला होता तो त्याने नखाने बाजूला सारला. मी सगळं बघत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. ती हसत आली. तिचा अंगठा शेवटी लागला होता.

त्या दिवशी मी लोणखेड्याला जाणार होते, ती पुरुषोत्तमनगरला. पण आधी रस पिऊ म्हणून ती मला बसस्टँडच्या बाहेरच्या रसवंतीत घेऊन गेली. घुंगरांचा आवाज चालू होता. तिने दोन ग्लास सांगितले, माझ्यात बर्फ नको हेही सांगितलं, कारण माझा दात दुखतो हे तिला माहीत होतं. मी ग्लास हातात घेतला आणि विचारलं,

“तुन्ही बदली हुई गई का?”

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, “कोनी सांगं तुले?”

“तूच,” मी म्हटलं.

तिला ते कळलं नाही आणि मी समजावलंही नाही. तिने ग्लास खाली ठेवला. बदलीचा आदेश ज्याचा त्याला आधी फोनवर येतो, सगळी यादी गटांवर फिरायला वेळ लागतो. तिचा येऊन चार दिवस झाले होते आणि ते तिने माझ्याबरोबर फोनांचे व्हिडिओ बघण्यात घालवले होते. मी विचारलं, कुठे. तिने शाळेचं नाव सांगितलं. आमच्या गावाशेजारची, जिथले गुरुजी निवृत्त होणार होते तीच.

मग ती बोलायला लागली. लेक दहावीत जातेय, सासूला पक्षाघाताचा झटका येऊन गेला, नवऱ्याच्या पाळ्या बदलत असतात, घरी बाई नसली की घर राहत नाही. त्यातलं एकही खोटं नव्हतं. यातल्या प्रत्येक गोष्टीवर मी तिच्याबरोबर जागले होते. तिने मला आधी सांगितलं असतं तर मी स्वतः तिला म्हटलं असतं की ती जागा तू घे. हे मी आज चांगुलपणा दाखवायला म्हणत नाही. तेव्हा ते खरंच तसं होतं. शेवटी ती म्हणाली,

“तू यंदा अर्ज भरनार नव्हती. जागा कोनी तरी घेताच ना. मंग मी लिन्ही ते काय बिघडनं?”

“मी कोनामुये नही भरा?”

रसवाल्याने विचारलं, अजून काही? तिने मान हलवली. पदराने डोळे पुसले, पण माझ्याकडे न बघता. मी रस प्यायले नाही. उठून स्टँडवर गेले आणि पहिली दिसली त्या बसमध्ये बसले. ती लोणखेड्यावरून जाणारी होती की नाही हेही बघितलं नाही. सुदैवाने जाणारी होती.

सोमवारी ती वर आली. सुट्टी लागेपर्यंत आम्ही एकाच खोलीत राहिलो, एकाच जीपने गेलो. बोलायचो ते फक्त निकालपत्रकांचं. तिचं नवं सीम वर चालत नव्हतं, म्हणून आहाराची माहिती मी खडकावर उभी राहून दोघींच्या वतीने भरत होते. मुलांना काही कळलं असावं. भिली येणारी बाई कमी हसते हे त्यांनी टिपलं. चौथीच्या निरोपाच्या दिवशी मुलींनी तिला महूच्या फुलांची माळ दिली आणि विचारलं, बाई परत कधी? ती म्हणाली, येईन. हे तिने मुलांना सांगितलं म्हणून मला जास्त लागलं.

यादी सगळ्यांकडे पोहोचली तेव्हा आईने फोन केला. तिला शेजारणीने सांगितलं होतं की तुझ्या लेकीची मैत्रीण इथेच आली. आईला वाटलं माझीही येणार असेल. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, माझं पुढच्या वर्षी.

नवीन शिक्षिका सप्टेंबर उजाडल्यावर आली. तोपर्यंत दोन्ही खोल्या मी सांभाळल्या, चार वर्ग एकीने. पावसाळ्यात तारा तुटल्या, वीज गेली ती बरेच दिवस आली नाही. माझा जाड फोन टिकला. तो दुसऱ्या कुणाला दाखवावा असं कुणी नव्हतं. त्याच्यावर अहिराणी लिहायलाही कुणी नव्हतं. कीबोर्डला मी ‘ऱ्ह’ शिकवला नाही. कार्यालयाला लागते ती मराठी त्याला येत होती.

दिवाळीनंतर आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मला रजा दोनच दिवसांची मिळाली. पुढे औषध घालायला भावाची बायको येणार होती, ती आजारी पडली. मी शनिवारी घरी पोहोचले तेव्हा ओटीवर आई खुर्चीत मान मागे टाकून बसली होती आणि माझी मैत्रीण तिच्या डोळ्यात थेंब घालत होती. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर थेट आली होती. आईने माझा आवाज ऐकला आणि न हलता म्हणाली,

“रोज येस ती. तू नही व्हती म्हनीसन.”

मी दारातच उभी राहिले. मला वाटलं होतं की कधी समोर आली तर मी पुष्कळ बोलेन. वर खडकावर उभी राहून मी ते कितीदा मनात म्हटलं होतं. आता ती आईची पापणी दोन बोटांनी हलकेच उघडून धरत होती, आणि माझ्या आईच्या दुपारी माझ्या जागी तीच होती. ती चांगली नसती तर मला सोपं गेलं असतं. ती आईला काही सांगतही नव्हती, आईला खूश करून माझ्याकडून माफी मिळवायची असंही तिच्या वागण्यात नव्हतं. ती फक्त थेंब घालत होती. आणि मला तेच सहन होत नव्हतं, कारण ते करायला मला त्या गावात यायचं होतं.

तिने बाटली बंद केली. मला म्हणाली, पांढऱ्या झाकणाचं औषध दिवसातून चारदा, आणि निळ्या झाकणाचं फक्त झोपताना. दोन्हींमध्ये थोडा वेळ जाऊ दे. मी ठीक म्हटलं. तिने चपला घातल्या, पर्स उचलली. तिचा गुलाबी फोन वाजला, नवऱ्याचा असावा. ती बोलत बोलत गल्लीतून निघून गेली. आवाज बराच लांबपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता.

आईने विचारलं, तिला चहा का नाही दिलास. मी म्हटलं, तिच्या घरी वाट बघत असतील. मग मी हात धुतले, आईजवळ बसले आणि निळ्या झाकणाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला लागले.

या वर्षीच्या अर्जात मी सगळ्या पसंत्या भरल्या आहेत. लोणखेड्याजवळची एकही शाळा रिकामी नाही. तळोद्याकडच्या, निम्म्या वाटेवरच्या, दोन आहेत. काय येतं ते बघू.